संज्ञा आणि समज

इंग्रजी साहित्याचा अभ्यास करू लागलेल्या विद्यार्थ्यापुढे प्रथम उभी राहते ती संज्ञांची रांग : सिमिली, मेटॅफर, आयरनी, सॉनेट. परीक्षेच्या धाकाने तो त्यांच्या व्याख्या मुखोद्गत करतो. परंतु व्याख्या पाठ झाली म्हणजे संज्ञा समजली, ही समजूत माझ्या मते घातक आहे.

सिमिली म्हणजे आपली उपमा. 'लाइक' किंवा 'ॲज' हा शब्द दिसला की पुष्कळ विद्यार्थी 'सिमिली' असे लिहून मोकळे होतात. पण 'गोविंद आपल्या भावासारखा धावतो' या वाक्यात 'सारखा' असूनही उपमा नाही; 'गोविंद वाऱ्यासारखा धावतो' यात ती आहे. दोन भिन्न जातींच्या गोष्टींतील साम्य दिसावे, यातच उपमेचे मर्म आहे. 'गोविंद कसला, वाराच तो!' असे म्हटले, की साम्य एकरूपतेला पोचते. तेच मेटॅफर, म्हणजे रूपक.

मराठी विद्यार्थ्याने अशा संज्ञांना भिण्याचे कारण नाही. उपमेय व उपमान हे शब्द त्याच्या परिचयाचेच असतात. इंग्रजीत मेटॅफरच्या जवळजवळ याच दोन अंगांना 'टेनर' व 'व्हेइकल' ही नावे आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकाने दिली, ती १९३६ साली.

याच रिचर्ड्सने केंब्रिज येथील विद्यार्थ्यांपुढे, कवींची नावे न सांगता, काही कविता ठेवल्या व त्यांचे अभिप्राय मागविले. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात ते पाहावयास मिळतात. साहित्याचे शिक्षण घेत असूनही त्यांतील अनेकांना कवितेचा सरळ अर्थदेखील लागला नव्हता!

मग संज्ञा हव्यातच कशाला, असे कोणी विचारील. त्या हव्यात, कारण कवितेत जे जाणवले ते दुसऱ्यास नेमके सांगावयाचे, तर त्याला नाव लागते. सॉनेट हा काव्यप्रकार केशवसुतांनी मराठीत आणला, तेव्हा त्याला 'चतुर्दशक' म्हटले. पुढे 'सुनीत' हे नाव रूढ झाले. नाव बदलले, तरी प्रकार तोच राहिला. त्याच्या चौदा ओळी कोणालाही मोजता येतील. पण त्या ओळींत विचार कोठे वळण घेतो, हे ज्याने ओळखले त्यालाच सॉनेट कळले.

म्हणून आधी कविता दोनदा वाचावी, तिने मनाला काय केले ते पाहावे आणि मगच त्याला नाव द्यावे. दिवा हाती घ्यावयाचा तो वाट दिसावी म्हणून. दिव्याकडेच टक लावून चालणारा ठेचाळल्यावाचून राहत नाही.