बॅटरी बदला म्हणणाऱ्यांनो, आधी मीटर लावा!

मंडळी, कारच्या मागे जोडायचा छोटा कॅम्पर ट्रेलर ज्याच्याकडे आहे, त्याला एक वाक्य तोंडपाठ असतं. रात्री फ्रीज बंद पडला? "बॅटरी गेली साहेब, बदलून टाका." दिवे मिणमिणतायत? "बॅटरी छोटी आहे, मोठी टाका." पाण्याचा पंप कण्हतोय? बॅटरी! दुसरं कारण जगात नाहीच जणू.

आपल्या धंद्यात कोणी लॉग न बघता "सर्व्हर बदला" म्हटलं तर त्याला मीटिंगमध्ये सगळे धुतात. तोच धुणारा शनिवारी गॅरेजमध्ये दहा-पंधरा हजार मुकाट मोजतो आणि एक आकडाही विचारत नाही. आता बोला!

मुद्दा असा की घरच्या वायरिंगची सवय इथे चालत नाही. ६० वॅट घेणारं काहीही २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर खेचतं. १२ व्होल्टवर मात्र ५ अँपिअर. घरात वापरतात ती दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर एका मीटरला साधारण १२ मिलिओहम रेझिस्टन्स देते. बॅटरीपासून फ्रीज ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.१२ ओहम. ५ अँपिअरला ०.६ व्होल्ट वाटेतच गायब! २३० मधून ०.६ गेले तर कोण विचारतो? १२ मधून गेले तर ५ टक्के गेले. मग बॅटरी जरा उतरली की फ्रीजचा लो-व्होल्टेज कटऑफ पडतो आणि खापर फुटतं बॅटरीच्या डोक्यावर. सहा स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर हाच तोटा ०.१५ व्होल्टवर येतो.

त्यात आपलं वर्सोवा. सात बंगला, यारी रोडच्या पार्किंगमध्ये उभा ट्रेलर चोवीस तास खारी हवा खातो. टर्मिनलवर हिरवट थर, चेसीला जोडलेल्या निगेटिव्हच्या बोल्टखाली गंज, आणि असा प्रत्येक सांधा म्हणजे आणखी थोडा रेझिस्टन्स. बोटींच्या वायरिंगसाठी कलई केलेल्या तांब्याची वायर मिळते, ती काय उगाच?

आणि हे शोधायला लागतं काय? लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर. चार्जर, सोलर, कार सगळं सोडवा, लोड बंद ठेवा आणि दोन-तीन तासांनी बॅटरी मोजा. लेड-ॲसिड असेल तर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उपाशी. (लिथियमला हा हिशेब लावू नका, तिचा व्होल्टेज बराच वेळ हलतच नाही.) मग फ्रीज चालू करून आधी बॅटरीवर मोजा, नंतर फ्रीजच्या टर्मिनलवर. बॅटरीवर १२.५ आणि फ्रीजवर ११.३ असेल तर चोर मध्ये बसलाय. बॅटरीवरच धाडकन पडला तरच बॅटरीवर संशय घ्या. पाच मिनिटांचं काम आहे हो! २३० व्होल्टच्या बाजूला मात्र हात घालू नका, तिथे परवानाधारक इलेक्ट्रिशियनच बोलवा.

"पण बऱ्याचदा बॅटरी खरंच गेलेली असते." असते ना! पण का गेली? जून ते सप्टेंबर ट्रेलर ताडपत्रीखाली पडून असतो. गॅस डिटेक्टर आणि स्टिरिओने मिळून ०.१ अँपिअर जरी चोरला तरी दिवसाला २.४ अँपिअर-अवर जातात, आणि १०० ची बॅटरी सहा आठवड्यांत झोपते. रिकामी पडून राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी आतून सल्फेट धरते आणि कायमची आजारी होते. कारण न शोधता नवी टाकलीत तर तीही पुढच्या पावसाळ्यात त्याच वाटेने जाणार. दुकानदाराची चांदी!

इथवर प्रश्न फक्त पैशांचा होता. खरा राग पुढे आहे. तीच बारीक वायर, तोच गंजका सांधा, फ्यूजचा पत्ता नाही, आणि त्यावर "मोठी टाका"! फ्यूज असतो वायर वाचवायला, म्हणून तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो नसेल आणि वायर कुठे घासून शॉर्ट झाली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि वायरच हीटर होते. घरातला साधा एसी एमसीबी लावून समाधान मानू नका. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. आजूबाजूला प्लायवूड, फोम, गॅसची शेगडी... आणि आत झोपलेली तुमची माणसं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "बॅटरी गेली" म्हणाला की शांतपणे तीन प्रश्न विचारा. किती व्होल्ट? कुठे मोजले? लोड चालू होता का? उत्तरं नाहीत, तर पैसेही नाहीत :)