पद्मिनीचा कमरपट्टा

आमच्या पद्मिनीला मी सीटबेल्ट बसवले, तर पिंप्राळ्यातले रसिक हळहळले, "अस्सलपणा गेला हो!" अहो, तीन जागी अडकणारा पट्टा व्होल्वोने आणला १९५९ साली, गाडीला 'पद्मिनी' हे नाव पडलं १९७४ साली. म्हणजे पट्टाच थोरला! स्टिअरिंगखालचा गिअर, सलग बाक, सारं तसंच आहे. फक्त पत्र्याला आतून जाड पट्टी जोडून बोल्ट आवळले. आषाढी एकादशीला आपला रथ निघतो, तेव्हा चाकाला मोगरी लावतातच ना? त्याने रथ बाटतो? पद्मिनीचं दार भंगारात मिळेल. माझं डोकं कुठून आणू? चालतं बेताचंच, पण ओरिजिनल आहे!