पटावरचे नाव



माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून तो बोलतही नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या गावी राहत होतो. तो सहा वर्षांचा झाला तेव्हा माय त्याला घेऊन तिथल्या शाळेत गेली. रोवणीचे दिवस होते, मजुरी बुडाली. तिथे सांगितले, याला इथे काही समजणार नाही, मुक्यांच्या शाळेत टाका. माय गुपचूप परत आली. मी विचारले, "काहून?" ती म्हणाली, "ते मोठे लोक, आपन काय बोलाव?"

माझे मत आहे की मायने तेव्हा बोलायला पाहिजे होते. पण तिला कायदा कोणी सांगितलाच नव्हता. मलाही तो या शाळेत आल्यावर गुरुजींकडून कळला.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ आहेत. आपल्या भागात घरोघरी ऐकू येणारा सिकलसेलसुद्धा त्यात आहे! हाडे दुखतात म्हणून शाळा बुडवणाऱ्या पोराला आळशी म्हणणाऱ्यांनी हे वाचावे.

सरकारी आणि मान्यता असलेल्या शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता घ्यायचे आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करायची, असे कलम १६ सांगते. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने. पसंती हा शब्द मी वहीत दोनदा लिहिला. वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात मूकबधिर आणि अंध मुलांच्या शाळा आहेत. कोणाच्या घरचे पोर तिथे शिकले तर चांगलेच. पण पाठवायचे की नाही ते घरच्यांनी ठरवावे, दुसऱ्याने दार लावून ठरवू नये.

कायदा म्हटला की लोक भितात. कोर्टाची पायरी चढली की शेत विकावे लागते, असे आमचे आबाजी म्हणतात. पण १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे मुले, बाया, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना सरकारकडून वकील फुकट मिळतो. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० या नंबरावर फोनही लागतो.

या शाळेत भावाचे नाव पहिल्याच दिवशी पटावर चढले. पण तेवढ्याने भागत नाही. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलले की त्याला काहीच कळत नाही. (गुरुजी, रागावू नका.) चित्र दाखवले की तो बैल, नांगर, मोह असे शब्द बरोबर लिहितो. काही पोट्टे त्याच्या हातवाऱ्यांची नक्कल करतात. एकदा मीही केली होती, आणि तो माझ्याकडे पाहतच राहिला.

विशेष शिक्षक येतात, पण त्यांच्याकडे पुष्कळ शाळा. भावाच्या वाट्याला महिन्यातून एखादा दिवस येतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात सांगितले आहे की प्राथमिक शाळेत अशा १० मुलांमागे १ विशेष शिक्षक पाहिजे. म्हणून आम्ही लेखी अर्ज केला. माय सही करताना थांबत होती, मी म्हटले कर. तोंडी सांगितलेले लोक विसरून जातात, म्हणून अर्जावर तारीख घातली आणि शिक्का मारलेली पोच घेतली.

पोच मायने पत्र्याच्या पेटीत लुगड्याखाली ठेवली आहे. उत्तर अजून आले नाही. रोवणी झाली की आम्ही दुसरा अर्ज घेऊन जाणार आहोत, या वेळी भाऊपण सोबत येईल.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी