भावाचे वचन आणि वचनाचा भाव

सणासुदीचे दिवस आले म्हणजे जळगाव व धुळे या दोन्ही शहरांतील फलकांवर एक वाक्य मोठ्या अक्षरांत झळकू लागते : ‘याहून स्वस्त कोठे मिळाल्यास फरकाची रक्कम परत.’ नवा टीव्ही किंवा फ्रीज घेऊ इच्छिणारा मध्यमवर्गीय गृहस्थ हे वाक्य वाचतो, चार दुकाने हिंडण्याचे श्रम वाचले असे मानतो आणि खरेदी उरकतो. पुढे तीच वस्तू अन्यत्र दोन हजारांनी स्वस्त असल्याचे आढळले, की तो पावती घेऊन परत येतो आणि तेथून वादाला तोंड फुटते. ‘तो भाव ऑनलाइनचा आहे’, ‘त्या मॉडेलच्या क्रमांकातील शेवटचे अक्षर निराळे आहे’, ‘ती बँकेच्या कार्डावरील सूट आहे’, ‘ते दुकान धुळ्याचे, आमची योजना जळगावपुरती’, अशी उत्तरे त्याच्या पदरी पडतात. वाद दोन हजारांचा दिसतो; वस्तुतः तो बाजारात दिलेल्या शब्दाला काही पत उरली आहे की नाही, याचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शेजारच्या दुकानाइतकाच भाव लावण्याची सक्ती आपल्याकडे कोणत्याही दुकानदारावर नाही. वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीहून अधिक घेऊ नये, एवढेच कायदा सांगतो. तिच्या खाली भाव किती ठेवावा, हा विक्रेत्याचा प्रश्न. परंतु ज्याने आपण होऊन, गिऱ्हाईक ओढण्यासाठी, चारचौघांत वचन दिले, त्याला नंतर ‘ती नुसती जाहिरात होती’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत. आमचे औषध वापरूनही आजार झाल्यास शंभर पौंड देऊ, अशी जाहिरात करणाऱ्या एका कंपनीला इंग्लंडच्या न्यायालयाने १८९२ साली ती रक्कम मोजायला लावली. कार्लिल या बाईंचा तो खटला आपल्याकडील कायद्याचे विद्यार्थी आजही पहिल्याच वर्षी शिकतात. जाहिरातीतील वचनही वचनच असते, हे तत्त्व काही आजचे नव्हे.

आजचा कायदा तर याहूनही पुढे गेला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने किमतीबाबत ग्राहकाची दिशाभूल करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत अटींसंबंधी नेमके सांगितले आहे : जाहिरातीतील दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याचा खुलासा हवा, अक्षरे तशीच हवीत, जागा ठळक हवी, आणि खुलाशाने मूळ दाव्यालाच छेद देता कामा नये. आता आपल्या शहरांतील फलक या कसोटीवर घासून पाहावेत. वचन मराठीत आणि हातभर अक्षरांत. अटी इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या! ज्या अटी गिऱ्हाइकाला खरेदीपूर्वी वाचता येत नाहीत, त्या त्याच्या तोंडावर भांडणाच्या वेळी फेकणे हा व्यापार नव्हे, चलाखी आहे.

दुकानदाराचीही एक बाजू आहे आणि ती डावलणे अन्यायाचे होईल. कित्येक गिऱ्हाइके बिनबिलाचा भाव घेऊन येतात आणि जीएसटीसह पक्के बिल देणाऱ्याशी त्याची तुलना करतात. कोणी जुन्या साठ्याचा भाव नव्या मालाला लावू पाहतो. घरपोच पोहोचविणे, जोडणी आणि दुरुस्तीची हमी यांना खर्च येतो, हेही सोयीस्करपणे विसरले जाते. तुलना करावयाची, तर समान वस्तूंची करावी, हा नियम दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे.

अशी तुलना कशी शक्य होते, याचा धडा जळगावाने दूर शोधण्याचे कारण नाही. या सुवर्णनगरीच्या सराफ बाजारात दर सांगितला जातो तो बहुधा चोवीस कॅरेटच्या दहा ग्रॅमचा. दागिना असतो बावीस कॅरेटचा, म्हणजे हजारात ९१६ भाग सोन्याचा. त्यावर मजुरी आणि तीन टक्के जीएसटी. जो सराफ वजन, शुद्धता, मजुरी व कर या चार गोष्टी पावतीवर वेगवेगळ्या लिहून देतो, त्याच्याशी भावाचा वाद फार काळ चालत नाही. कारण फरक नेमका कोठे पडला, हे कागदच बोलतो. टीव्ही-फ्रीजच्या दुकानांनी मूळ किंमत, कार्डाची सूट, जुन्या वस्तूचे वजा मूल्य आणि जोडणीचा आकार असेच सुटे लिहिले, तर निम्मी भांडणे गल्ल्यापाशीच मिटतील.

आणखी एका भ्रमाचा निरास केला पाहिजे. फरक परत देण्याच्या वचनाने भाव उतरतातच, असे नाही. स्टीव्हन सॅलॉप या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८६ साली दाखवून दिले, की अशी वचने उलट स्पर्धेची धार बोथट करू शकतात. आपण भाव उतरविला, तरी समोरचा तत्काळ बरोबरी करणार आणि गिऱ्हाईक तेथेच राहणार, हे कळल्यावर भाव उतरविण्याची उमेद कोणाला उरेल? तेव्हा ग्राहकाने फलकावर विसंबून चार दुकाने हिंडण्याचे सोडू नये. ज्या दिवशी सारेच हिंडणे सोडतील, त्या दिवशी ते वचन पाळण्याची गरजही कोणाला भासणार नाही.

वचन झेपत नसेल, तर काय करावे? इंग्लंडमधील जॉन लुईस या पेढीने १९२५ पासून चालविलेले भावाचे वचन ऑनलाइन विक्रेत्यांपुढे टिकेना, तेव्हा २०२२ साली उघडपणे मागे घेतले आणि २०२४ साली, कोणत्या २५ विक्रेत्यांच्या भावाशी बरोबरी करणार हे ठरवून, पुन्हा दिले. मर्यादा आधी सांगितली, तर तीत कमीपणा नाही. ती मागाहून सांगणे ही लबाडी आहे.

नागरिकांच्या हाती साधने आहेत. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीला शुल्क नाही. आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. म्हणजे जळगावात खरेदी केलेल्या धुळेकराला वादासाठी जळगावच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवाही आहे. मात्र हाती पक्के बिल, जाहिरातीचे कात्रण किंवा छायाचित्र आणि दुसऱ्या दुकानाचा लेखी भाव असला पाहिजे. दोन महिन्यांच्या पगारातून साठविलेल्या पैशाची खरेदी करताना एवढी दक्षता जड वाटू नये.

व्यापारी संघटनांनी आपल्या सभासदांसाठी अटींचा एकच, साधा, मराठी नमुना ठरवावा. जाहिराती छापणाऱ्या वृत्तपत्रांनीही, आमच्यासह, अटी वाचता येतील अशा अक्षरांतच छापण्याचा आग्रह धरावा. प्रसिद्धी देणारा या जबाबदारीतून सुटत नाही. खानदेशच्या पेठा नुसत्या तोंडच्या शब्दावर लाखोंचा माल हलवीत आल्या आहेत. तो शब्द दोन हजारांच्या फरकासाठी मोडीत काढणे, हा कोणत्याही व्यापाऱ्याला परवडणारा सौदा नव्हे.