वाटी, चमचा आणि वाङ्मय

आमच्या ग्रंथालयात मराठी वाङ्मय ८९१.४६ या वर्गांकाखाली आहे, तर पाकशास्त्र ६४१.५ खाली. दोन्ही कपाटांच्या मध्ये एक अख्खी भिंत आणि वर्तमानपत्रांचे टेबल. गेल्या वर्षी मी पलीकडच्या कपाटातून कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ काढली, तेव्हा रांगेतल्या एका मित्राने विचारले, “काय रे, खानावळ काढतोस की काय?” सगळे हसले. मीही हसलो. पण कादंबरी नेणाऱ्याला असे कोणी विचारत नाही, हे मनातून जाईना.

माझे म्हणणे सरळच सांगतो. पाककृती नीट लिहिणे हे लेखनच आहे, आणि अवघड लेखन आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने त्याला नाक मुरडण्याचे काही कारण नाही.

मराठीत ही परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचे. ‘रुचिरा’ आली १९७० साली. कमलाबाईंचे शिक्षण चौथीपर्यंतचे. लग्न होऊन सांगलीला आल्यावर सासूबाईंच्या हाताखाली त्या स्वयंपाक शिकल्या. त्यांच्या पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. आमच्या अभ्यासक्रमातल्या किती लेखकांना एवढे वाचक लाभले असतील?

या यशाचे मर्म मला मापात दिसते. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे घेतली. वाचायला हे सोपे वाटते. करून पाहावे म्हणजे कळेल. हात बसलेल्या बाईला स्वतःसाठी माप लागत नाही. ते लागते दुसऱ्याला. म्हणून लिहिणारीला रोजच्या स्वयंपाकात आपल्याच हातावर पाळत ठेवावी लागते. मूठभर पीठ परातीत पडण्याआधी वाटीत ओतायचे. चिमूट चमच्यात मोजायची. बिघडले तर पुन्हा करायचे, आणि तोच पदार्थ घरच्यांच्या पानात पुन्हा वाढायचा. शिवाय नव्या तांदळाला पाणी कमी लागते, जुन्याला जास्त, हेही वाचणाऱ्याला सांगायचे. स्वयंपाकावर मनापासून प्रेम असल्याखेरीज एवढी दगदग कोण करील?

आणि भाषा पाहा. एकतारी पाक, दोनतारी पाक, गोळीबंद पाक: एकेका शब्दात एकेक कसोटी आहे. करंजीच्या पिठात मोहन पुरेसे झाले की नाही, हे पिठाची मूठ वळून पाहिल्यावर समजते. परतणे, भाजणे, शेकणे, वाफवणे या क्रियापदांत जो घोटाळा करील, त्याच्या हातून पदार्थ बिघडेल. आमच्या निबंधांत मात्र ‘संवेदना’ आणि ‘जाणीव’ यांची अदलाबदल झाली तरी काहीच करपत नाही!

हे सारे मला शिकवले ते एका अपयशाने. माझी आजी हुलग्याचे शेंगोळे करीत असे. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे पीठ, लसूण, मिरची, जिरे, मीठ. घट्ट मळायचे, हातावर लांब वळून वेटोळी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. एकदा सुट्टीत वही घेऊन मी तिच्याजवळ बसलो. “आजी, ज्वारीचं पीठ किती?” ती म्हणाली, “मावंल तेवढं.” “आणि पाणी?” “पीठ सांगतंय की!” मी कंटाळलो, वही मिटली. पुढच्या सुट्टीपर्यंत आजी राहिली नाही. आज आई शेंगोळे करते, आत्याही करते. दोघींचे चांगले होतात, पण आजीचे होत नाहीत. माझ्या वहीत तीनच शब्द आहेत: ‘मावेल तेवढे पीठ’. तिच्या हाताखाली वाटी धरायला मला दहा मिनिटे लागली असती.

कोणी म्हणेल, अंदाज लिहून येत नाही. तो हातातच असतो. अगदी खरे. पण भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकांत बंदिशींचे स्वरलेखन केले, त्यामुळे प्रत्येक वाचक गवई झाला नाही. बंदिशी मात्र राहिल्या. पाककृतीचेही तसेच आहे. वाचून हात बसत नाही, पण कुठून सुरुवात करायची ते कळते.

दुसराही आक्षेप आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लिहिले गेले ते कोणाचे अन्न? शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले, तेव्हा मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या चुली प्रथमच एवढ्या विस्ताराने माझ्यासारख्या वाचकासमोर आल्या. ‘सूपशास्त्रा’नंतर १४० वर्षांनी! जे लिहिले गेले नाही ते नव्हतेच, असे पुढची पिढी समजते. म्हणून हे काम एकट्या ‘रुचिरा’वर सोपवून चालणार नाही.

आज मोबाईलवर हव्या त्या पदार्थाची चित्रफीत दिसते, मग ही यातायात कशाला? असे विचारणाऱ्यांना माझे एकच उत्तर आहे. तिथे शेंगोळे सापडतील. तुमच्या आजीचे सापडणार नाहीत.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, येत्या सुट्टीत एक वही, एक वाटी आणि एक चमचा घेऊन आपापल्या स्वयंपाकघरात बसा. मुलांनी तर आधी बसावे. आजवर आपण नुसते पानावरच बसत आलो आहोत. आणि आजी “मावेल तेवढे” म्हणाली, तर वही मिटू नका.