मंद कृष्णविवर आणि खोडदची रेडिओ शांतता

फेब्रुवारीत पहाटे जालना जिल्ह्यातल्या अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे ऊस घेऊन निघालेल्या गाडीवानांना आग्नेयेला वृश्चिकाची नांगी दिसते. तिच्या किंचित डावीकडे, धनू राशीत, आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. अंतर सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे. डोळ्यांना तिथे काही दिसत नाही, कारण दृश्य प्रकाश वाटेतल्या धुळीत अडतो. रेडिओ लहरी धुळीला जुमानत नाहीत. त्यांच्याच आधारे १९७४ मध्ये ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना तिथे एक लहानसा ठळक स्रोत सापडला. तो म्हणजे ‘सॅजिटेरियस ए स्टार’, सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर.

हे विवर कमालीचे मंद आहे. एवढ्या वस्तुमानाला जितके तेज शक्य असते, त्याच्या दहा कोटींव्या भागाइतकेही ते उजळत नाही. आत पडणारा वायू थोडा, विरळ आणि अतितप्त. त्याची बरीचशी उष्णता बाहेर पडण्याआधीच विवरात जाते. तरीही चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडत राहतात. मंद विवरे विरळा नाहीत. पालोमार वेधशाळेतून जवळच्या ४८६ दीर्घिका तपासल्या, तेव्हा निदान ४० टक्के दीर्घिकांच्या केंद्रांत सक्रियतेच्या खुणा आढळल्या, त्याही बहुतांश सौम्य. क्वेझारांच्या, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांच्या, झगमगाटाचे कौतुक जरूर व्हावे, पण कृष्णविवरांची एरवीची स्थिती समजून घ्यायची तर या मंद विवरांकडेच वळावे लागते.

ती ओळखण्यात अडचण अशी की फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेषही रेडिओ लहरी देतात. वारंवारता वाढत गेली की अवशेषांचा संकेत उतरत जातो. विवराजवळचा साधारण तेवढाच राहतो किंवा थोडा चढतो. म्हणून मोजमाप वारंवारतेच्या दोन्ही टोकांना हवे, आणि खालचे टोक हे जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे बलस्थान. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या इथे सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. तबकडीचा पृष्ठभाग म्हणजे पोलादी तारांची जाळी. वारा तिच्यातून आरपार जातो. एक गिगाहर्ट्‌झच्या खाली सॅजिटेरियस ए स्टारचा संकेत ढासळतो, असा १९७६ पासूनचा कयास होता. सुभाषिस रॉय आणि प्रमेश राव यांनी २००४ मध्ये खोडदच्या नोंदींतून हा संकेत ६२० मेगाहर्ट्‌झलाही स्पष्ट दाखवला. कयास मोडला, शिवाय त्याच दिशेला असलेल्या तप्त वायूच्या ढगाच्या मागे नव्हे, तर पुढे हे विवर आहे, हेही कळले.

असे क्षीण संकेत टिपणाऱ्या यंत्राला जवळच्या विद्युत यंत्रणांचा गोंगाट सोसत नाही. पुणे–नाशिक रेल्वेचा नारायणगावजवळचा मार्ग याच कारणाने अडला. खेड, आंबेगाव, जुन्नरकरांची रेल्वेची मागणी रास्त आहे आणि ती वेधशाळेच्या नावाखाली बासनात गुंडाळली जाऊ नये. मात्र रूळ काही किलोमीटर सरकवता येतात; तीस तबकड्या उचलून नेता येत नाहीत. अशा प्रकल्पांची पहिली रेघ ओढतानाच शास्त्रज्ञांना बोलावले पाहिजे, हरकती आल्यावर नव्हे.

जीएमआरटीच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुल्या होतात. जालना जिल्ह्यातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्या हाताळाव्यात, यासाठी संगणक, चांगली इंटरनेट जोडणी आणि शिकवणारा एक जाणकार माणूस एवढेच लागते. ही सोय महाविद्यालयांनी येत्या शैक्षणिक वर्षापासूनच करावी.