पोच मिळाली

विद्यार्थ्यांच्या मोर्चाची आपल्या विद्यापीठांत एक ठरलेली रीत आहे. मोर्चा येतो, फाटक लागतं. तासभर घोषणा झाल्या की आतून निरोप येतो, पाच जणांनी यावं. पाच जण जातात. कुलगुरू बैठकीत असतात, नाहीतर मुंबईला. दुसरं कोणी साहेब निवेदन घेतात, फोटो निघतो, आवक विभागाचा शिक्का बसतो आणि 'योग्य ती कार्यवाही' सुरू होते. ती संपल्याचं मात्र कोणी कळवत नाही. पुढच्या सत्राला निवेदन तेच, तारीख तेवढी नवी.

शहरातल्या मुलाला ही रीत परवडते. नंदुरबार जिल्ह्यातल्या मुलाला ती चांगलीच महाग पडते. 1990 साली पुणे विद्यापीठापासून वेगळं होऊन जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं, तेव्हा खानदेशातल्या मुलांची पुण्याची खेप वाचली, हे खरंच. पण सातपुड्यातल्या मोलगी-धडगावच्या मुलाला जळगाव तरी कुठे शेजारी आहे? जीपने घाट उतरायचा, एसटीने नंदुरबार गाठायचं, तिथून सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी धरायची. पेपर दिला असताना गुणपत्रिकेवर 'गैरहजर' पडलं, एवढंच सांगायचं असतं. त्यासाठी भाडं जातं आणि मजुरीही बुडते. वर सल्ला मिळतो, तक्रार ऑनलाइन करा. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवर रेंजसाठी आधी टेकडी चढावी लागते, हे सल्ला देणाऱ्याच्या गावी नसतं.

चालत जाऊनही ऐकलं जाईलच असं नाही. जुलै 2018 मध्ये आदिवासी वसतिगृहांतली मुलं पुण्याहून नाशिकला पायी निघाली होती. खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं सरकारनं ठरवलं होतं. जेवणार होती ती मुलं, पण त्यांना विचारावं असं कोणाला वाटलं नव्हतं. नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयावर जाणारा तो मोर्चा पोलिसांनी वाटेतच अडवला.

बरं, ऐकण्याची सोय कायद्यात नाही असंही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिनं 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा. त्यावर अपील ऐकायला लोकपाल, त्यांना 30 दिवस. समितीत विद्यार्थीही असतो, पण 'विशेष निमंत्रित' म्हणून, आणि गुणवत्ता बघून नेमलेला. ज्याचा निकालच अडकलाय त्यानं गुणवत्ता कुठली दाखवायची, हे नियमात लिहिलेलं नाही.

निवडून दिलेला प्रतिनिधी तर 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं गेला तो गेलाच. 2016 च्या कायद्यानं महाविद्यालयीन निवडणुका परत आणल्या, त्या कागदावर. 2019 मध्ये त्या होणार होत्या, तर विधानसभेची निवडणूक आडवी आली. मग करोना आला. करोना गेला, मतपेटी काही आली नाही.

धडगावच्या अक्राणी तालुक्यातला अठरा वर्षांचा मुलगा खासदार निवडतो, आमदार निवडतो. एकविसाव्या वर्षी सरपंचपदाला उभा राहू शकतो. हा सगळा तालुका पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो. तिथल्या ग्रामसभेत त्यानं वर केलेला हात मोजला जातो आणि त्या ग्रामसभेला गौण खनिजापासून तेंदूपत्त्यापर्यंत बोलण्याचा हक्क आहे. तोच मुलगा महाविद्यालयाच्या फाटकातून आत गेला की वर्गप्रतिनिधीही निवडू शकत नाही. शिकल्यामुळे माणसाचे हक्क वाढतात म्हणतात!

2018 पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांचं म्हणणं ऐकलं, उतरवून घेतलं, म्हणून त्यांच्या पश्चात 1952 मध्ये ते पुस्तक होऊन आपल्यापर्यंत आलं. आजची मुलं स्वतःच लिहून आणतात, तीन प्रतींत. ते काम तरी वाचलं. आता वाचायचं तेवढं राहिलं.

नंदुरबारला विद्यार्थ्यांचा आवाज नवा नाही. चले जाव आंदोलनात 9 सप्टेंबर 1942 ला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती इथल्याच चौकात गोळीबारात पडले. दरवर्षी त्या दिवशी मोठी माणसं स्मारकावर हार घालतात आणि हल्लीच्या मुलांना आंदोलनं सोडून अभ्यास करायला सांगतात.

मागणी फार मोठी नाही. लोकपालांचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक महाविद्यालयाच्या फाटकावर लावा, तिथे मोठा फलक मावतो. रखडलेल्या निवडणुका घ्या. आणि कुलगुरूंनी महिन्यातला एक दिवस नंदुरबारला बसावं, जमलं तर धडगावला. जळगावहून नंदुरबारला थेट रेल्वे आहे, आणि ती दोन्ही दिशांनी धावते.